जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मागावर: सातारा, केळघर, महाबळेश्वर, पाचगणी

महाबळेश्वरच्या डोंगरात झाडंझुडपं गोळा करत फिरलेल्या जुन्या मंडळींची वाट पुन्हा चालायची, तर नुसता रस्ता सापडून भागत नाही. रस्ता आज डांबरी आहे, एसटी जाते. मेहनत असते ती तीन गोष्टींचा मेळ घालण्यात: त्यांनी लिहिलेलं नाव, त्यांनी लिहिलेली जागा आणि ते तिथे होते तो महिना. पहिल्या दोन गोष्टी सगळे बघतात. तिसरी बहुतेकांकडून राहून जाते आणि घोळ तिथेच होतो.

हा लेख चार दिवसांच्या फेरीसाठी आहे. त्याआधी घरी बसून तीन-चार आठवड्यांची तयारी लागते. ती टाळली तर हाती फक्त फुलांचे फोटो उरतात.

यादी एकच घ्या

या भागासाठी कामाची जुनी पुस्तकं तीन. जॉन ग्रॅहमची मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी १८३९ ची. ग्रॅहम मुंबईच्या टपाल खात्यात डेप्युटी पोस्टमास्टर जनरल होता. त्याच वर्षी तो वारला आणि यादीचा उरलेला भाग जोसेफ निम्मोनं पुरा केला. दुसरं पुस्तक डालझेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’, १८६१ चा. दोघांनीही मुंबई इलाख्याच्या जंगल खात्याचं प्रमुखपद सांभाळलं, आधी गिब्सननं आणि मग डालझेलनं. तिसरं थिओडोर कुकचं, १९०१ ते १९०८ या काळात भागाभागानं निघालेलं. तिन्ही पुस्तकं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट वाचता येतात.

पहिल्या खेपेला कुकचं पुस्तक घ्या. ग्रॅहमची यादी मोहात पाडते, पण तिच्यात वर्णनं त्रोटक आहेत आणि एका ओळीवरून झाड ओळखायला अनुभव लागतो. कुक सविस्तर वर्णन देतो, जागा देतो आणि तो नमुना कुणी गोळा केला तेही सांगतो. गोळा करणाऱ्याच्या नावापुढे उद्गारचिन्ह असेल तर कुकनं तो नमुना स्वतः पाहिला आहे असं समजा. चिन्ह नसेल तर ती माहिती दुसऱ्याच्या पुस्तकातून आलेली. शोधायच्या यादीत पहिली जागा उद्गारचिन्हवाल्या नोंदींना द्या. आणखी एक खूण ध्यानात ठेवा. कुकनं इलाख्याचे विभाग पाडले आहेत आणि महाबळेश्वर त्याच्याकडे ‘दख्खन’मध्ये येतं, कोकणात नाही. सांगलीकडच्या नोंदी हव्या असतील तर त्या ‘सदर्न मराठा कंट्री’ या विभागात बघा.

पुस्तकातून चाळीसच वनस्पती निवडा, त्याहून जास्त नकोत. चार दिवसांत दिवसाला दहा पडतात, आणि एका झाडापाशी नीट नोंद करायला वीस मिनिटं सहज जातात.

नावांचा ताळेबंद

एका मोठ्या वहीत किंवा एक्सेलमध्ये हे रकाने आखा: जुनं नाव, पुस्तकातलं पान, आजचं नाव, मराठी नाव, जागा, फुलण्याचा महिना, सापडलं की नाही. जागेच्या रकान्यात पुस्तकातले शब्द जसेच्या तसे उतरवा, स्पेलिंगसुद्धा सुधारू नका. तुमच्या मते ती जागा कोणती हे शेजारच्या रकान्यात लिहा. दोन्ही एकाच रकान्यात मिसळलं की सहा महिन्यांनी तुमचा तर्क कोणता आणि मूळ मजकूर कोणता, हे तुम्हालाच कळत नाही.

आजचं नाव लंडनच्या क्यू उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर तपासा. चवर घ्या. ग्रॅहमनं तिला करक्युमा कॉलिना म्हटलं, म्हणजे हळदीच्या प्रजातीत बसवलं. पुढे बेकरनं ती हिचेनियात नेली आणि आपल्याकडच्या बऱ्याच पुस्तकांत ती अजून हिचेनिया कॉलिना म्हणूनच आहे. अलीकडे ती पुन्हा करक्युमात आली. फक्त एका नावानं शोधलंत तर निम्म्या नोंदी हातून सुटतील. सापकांद्याचंही तसंच. ग्रॅहमच्या यादीत तो एरम मुरायी आहे आणि आज ॲरिसिमा मुरायी. हे नाव महाबळेश्वरी असलेल्या डॉक्टर मरे यांच्यावरून पडलं. टोपली कारवी कुठे प्लिओकॉलस रिचीआय, तर कुठे स्ट्रोबिलँथस. शिंदळ माकुडीला डालझेलनं बार्टल फ्रिअरच्या नावावरून फ्रेरिया इंडिका म्हटलं. हा फ्रिअर गव्हर्नर होण्याआधी साताऱ्याचा रेसिडेंट होता. तीच वनस्पती आज कुणी बाउसेरोसियात घालतं, कुणी सेरोपेजियात. म्हणून प्रत्येक वनस्पतीची सगळी समानार्थी नावं लिहून ठेवा आणि हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहांच्या, याद्या त्या प्रत्येक नावानं चाळा.

हर्बेरियममध्ये एक दिवस

छापील पुस्तकापेक्षा वाळवलेल्या नमुन्यावरची चिठ्ठी जास्त बोलते. पुण्यात कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे आणि मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम. दोन्हीकडे आधी पत्र किंवा मेल पाठवून वेळ घ्या. कोणत्या वनस्पतींचे नमुने पाहायचे, त्याची यादी सोबत जोडा आणि दोन-तीन आठवडे हातात ठेवा. तिथे नमुन्याचा क्रमांक, गोळा करणाऱ्याचं नाव, तारीख आणि जागा लिहून घ्या. कागद उलटासुलटा करू नका. दीडशे वर्षांपूर्वीचं पान एका झटक्यात तुटतं.

एका चिठ्ठीपासून मात्र सावध राहा. हूकर आणि थॉमसन यांच्या संग्रहातल्या बऱ्याच नमुन्यांवर छापील चिठ्ठी आहे. तिच्यावर ‘मलबार, कोंकण वगैरे’ आणि गोळा करणारे ‘स्टॉक्स, लॉ वगैरे’ एवढंच आहे. त्या ‘वगैरे’त गुजरातपासून केरळापर्यंत काहीही बसू शकतं. असा नमुना पाहून अमुक झाड केळघरात होतं असं म्हणता येत नाही. त्याला यादीत वेगळी खूण करा आणि वाटेवर शोधायच्या चाळिसांतून काढून टाका.

जागा नकाशावर बसवा

जुनी स्पेलिंगं दर पानाला बदलतात. ती मोठ्यानं वाचा, कानाला गाव लगेच ओळखू येतं. ‘मॅल्कम पेठ’ म्हणजे आजची महाबळेश्वरची बाजारपेठ, जुनं क्षेत्र महाबळेश्वर नव्हे. दोहोंत पाच-सहा किलोमीटरांचं अंतर आहे आणि झाडीही वेगळी आहे.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या पद्धतीच्या टोपोशीटांपैकी (उंची दाखवणारे तपशीलवार नकाशे) महाबळेश्वर आणि प्रतापगड ४७ जी/९ वर आहेत, पाचगणी, वाई आणि मेढा ४७ जी/१३ वर, कास ४७ जी/१४ वर. नव्या मालिकेत क्रमांक बदलले आहेत. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश थेट मोबाईलच्या जीपीएसमध्ये टाकू नका. दोहोंची मोजणीची बैठक वेगळी असल्यानं शंभर मीटरपेक्षा जास्त फरक पडू शकतो आणि घाटात तेवढ्यात तुम्ही कड्याच्या दुसऱ्या बाजूला जाता. मंदिर, खिंड, ओढ्यांचा संगम अशा पक्क्या खुणांवरून जागा बसवा. उंची फुटांत असेल तर ०.३०४८ नं गुणून मीटर करा.

नकाशावर बसवताना त्या वर्षी तिथे काय होतं आणि काय नव्हतं, हेही बघा. वेण्णा तलाव साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतला. म्हणजे ग्रॅहमची यादी छापली तेव्हा तिथे तळं नव्हतंच. आज तळ्याकाठच्या चिखलात दिसणारी पाणवनस्पती त्याच्या यादीत असेल, तर त्याला ती दुसरीकडे दिसली होती आणि ती जागा वेगळी शोधायला हवी. कोयनेचं खोरं शिवसागर जलाशयाखाली गेलं, मेढ्याच्या खालच्या अंगाला वेण्णेवर कण्हेर धरण आलं. नदीकाठच्या जुन्या जागांपैकी कित्येक आज पाण्याखाली आहेत. त्या यादीत ‘बुडाली’ असं लिहा, ‘सापडली नाही’ असं नको.

महिना कोणता?

इंग्रज अंमलदार महाबळेश्वरी राहत ते मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पावसाळ्यात सगळं ठाणं खाली उतरत असे, कारण वर पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. साहजिकच जुन्या याद्यांत उन्हाळी झाडं आणि पावसाच्या दोन टोकांना फुलणाऱ्या वनस्पती भरपूर आढळतात. जुलै-ऑगस्टमध्ये सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या खडकाळ पठारावर, उगवून दोन महिन्यांत मरून जाणारी मंडळी त्या मानानं कमी नोंदली गेली. सेरोपेजिया पंचगणिएन्सिस हे नाव ब्लॅटर आणि मॅककॅन यांनी १९३० च्या दशकात दिलं. साताऱ्याच्या नावाचा वायतुरा, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, तर १९८२ मध्ये जगापुढे आला. या वनस्पती तिथे आधीपासून होत्याच. बघणारा त्या महिन्यात वर नव्हता.

म्हणून एकाच फेरीत सगळं करायचा हट्ट धरू नका. पुस्तकातली नोंद एप्रिलची असेल तर एप्रिलमध्येच जा. सवड एकाच खेपेची असेल तर सप्टेंबरचा शेवटचा आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरा. पाऊस ओसरत असतो, सड्यावर फुलं शिल्लक असतात आणि जुन्यांच्या शरद हंगामाशी तारीख जवळपास जुळते. सापकांदा पाहिजे असेल तर मात्र जूनला पर्याय नाही. पहिल्या सरींबरोबर जमिनीतून आधी फूलच वर येतं, पानाची छत्री मागाहून उलगडते.

परवानगी

ही फेरी बघण्याची आणि नोंदण्याची आहे, तोडण्याची नाही. अभयारण्यात आणि राखीव वनात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक पानही तोडता येत नाही. कोयना अभयारण्याच्या हद्दीत शिरायचं असेल तर वेगळी परवानगी लागते. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे. हंगामात तिथे रोजच्या पर्यटकांची संख्या तीन हजारांवर मर्यादित असते आणि ऑनलाइन आरक्षण करावं लागतं. शनिवार-रविवार टाळा, नाहीतर अर्धा दिवस गाडी लावण्यात जातो.

चार दिवसांची वाट

पहिला दिवस सातारा ते कास, यवतेश्वर घाटानं सुमारे २५ किलोमीटर. सकाळी सातला पठारावर असावं. इथे जांभा दगड आणि त्यावर बोटभर माती. पाणी मुरत नाही, दगडावरच झिरपत राहतं. सीतेची आसवं तिथेच असतात. ग्रॅहमनं १८३९ मध्ये तिला युट्रिक्युलेरिया पर्पुरासेन्स हे नाव दिलं. ही फुलं दुरून जांभळट धुक्यासारखी दिसतात, म्हणून लोक उभ्यानं फोटो काढून पुढे जातात. तुम्ही मळलेल्या वाटेवरच्या उघड्या दगडावर गुडघे टेका आणि दहापट भिंगातून देठाच्या बुडाशी बघा. ओल्या शेवाळात केसासारखे धागे आणि त्यांवर टाचणीच्या डोक्याहूनही लहान फुगे दिसतील. ते सापळे आहेत. पाण्यातला सूक्ष्म जीव त्यांत ओढला जातो आणि या निकस दगडावर न मिळणारं नत्र झाडाला तिथून मिळतं. शेजारी पांढऱ्या बटणांसारखे गेंद असतील, त्यांच्या जातीच्या भानगडीत जागेवर पडू नका. कित्येक गेंदांची ओळख बी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय पटत नाही. नुसतं ‘एरिओकॉलॉन, जात बाकी’ असं लिहा. सीतेच्या आसवांची गल्लत होते ती युट्रिक्युलेरिया रेटिक्युलाटाशी. त्या जातीचा देठ गवताला विळखे घालत चढतो आणि पाकळीवर शिरांची जाळी ठळक असते. पर्पुरासेन्स सहसा सरळ उभी, वीतभर असते.

पठारावर चौकट टाकून झाडं मोजायचा विचार असेल तर एक मीटर बाय एक मीटरची दोरीची चौकट उघड्या दगडाच्या कडेलाच टाका. आत पाय ठेवू नका. एका बुटाखाली दबलेली ओली माती पुढच्या पावसात वाहून जाते आणि ती बोटभर माती जमायला फार काळ लागलेला असतो.

दुपारनंतर कुमुदिनी तलावाकडे जा. तो राजमार्ग म्हणतात त्या जुन्या वाटेवर, कासपासून चालत जाण्यासारखा आहे.

दुसरा दिवस या फेरीचा गाभा आहे: सातारा, मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर. अंतर ५५ किलोमीटरांच्या आसपास. मेढा सातशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर १,३७२ मीटर. मेढ्यापर्यंत गाडीनं या आणि पुढे दर शंभर मीटर चढाला एक असे सहा-सात थांबे घ्या. प्रत्येक थांब्यावर वीस मिनिटं, रस्त्याच्या दोन्ही बाजू, पन्नास पावलं पुढे आणि पन्नास मागे. खाली साग-ऐनाची पानझडी असते, मध्ये कारवी लागते आणि माथ्याजवळ जांभूळ, अंजनी आणि पिसा यांचं सदाहरित, वाऱ्यानं खुजं झालेलं रान. ही पायरी कुठे बदलते ती उंची लिहा. चाळिसांतली एकही वनस्पती सापडली नाही तरी त्या सहा-सात आकड्यांनी दिवस सार्थकी लागतो, कारण जुन्या पुस्तकात ‘घाटात’ एवढंच लिहिलेली झाडं कोणत्या पट्ट्यात शोधायची ते त्यावरून कळतं.

मोबाईलवर दिसणारी उंची घाटात वीस-तीस मीटर इकडेतिकडे होते. मेढ्यात आणि माथ्यावर टोपोशीटवरच्या आकड्याशी ताडून घ्या आणि जो फरक येईल तो दिवसभराच्या नोंदींतून वजा करा.

तिसरा दिवस प्रतापगड आणि पार. मुंबईहून येणारे लोक बोटीनं बाणकोटच्या खाडीतून महाडकडे येत आणि पार घाटानं वर चढत, म्हणून जुन्या नोंदींत ‘पार घाट’ वारंवार भेटतो. पार गावात रामवरदायिनीचं देऊळ आणि कोयनेवरचा जुना दगडी पूल आहे. तिथून सुरुवात करा. गावातला माहीतगार माणूस सोबत घ्या आणि त्याला दिवसाची मजुरी आधी ठरवून द्या. जुन्या रडतोंडीच्या वाटेवर फाटे बरेच फुटतात आणि धुक्यात ते कळत नाहीत. वनस्पतींची मराठी नावंही त्याच्याकडूनच मिळतील. ती तो जशी उच्चारतो तशीच लिहा, पुस्तकातल्या नावाशी जुळवायच्या फंदात पडू नका.

चौथा दिवस सोपा. महाबळेश्वरहून पाचगणी १९ किलोमीटर, पुढे पसरणी घाटानं वाई. एवढ्याशा अंतरात पाऊस निम्म्याहून खाली येतो आणि झाडी उघडी पडते. टेबललँडच्या कडेनं ब्लॅटर-मॅककॅन यांच्या नोंदी तपासा. घोड्यांची वर्दळ असते त्या मधल्या भागात वेळ घालवू नका.

एका झाडाची नोंद

प्रत्येकाचे किमान सहा फोटो: जागेसह पूर्ण झाड, खोड किंवा देठ, पान वरून, पान खालून, फूल समोरून, फूल बाजूनं. फळ असेल तर सातवा. एका फोटोत तरी सेंटिमीटरची पट्टी हवी. पान खालून घ्यायचं बरेच जण विसरतात आणि नेमकी लव, ग्रंथी, शिरा तिथेच असतात. फोटोत न येणाऱ्या गोष्टी पेन्सिलीनं लिहा: वास, चीक आहे का आणि कोणत्या रंगाचा, माती ओली की कोरडी. पेन्सिल यासाठी की शाई पहिल्याच भुरभुरीत पसरते.

सामानात दहापट भिंग, पट्टी, पेन्सिली, वहीसाठी प्लॅस्टिकची पिशवी, पॉवर बँक आणि जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी. रबरी तळव्याचे पण खोल खाचांचे बूट घ्या. ओल्या जांभ्यावर हिरवं शेवाळ असतं आणि सपाट तळवा हमखास घसरतो. सड्यावर असताना गडगडाट सुरू झाला तर लगेच खाली उतरा, एकट्या झाडाखाली थांबू नका. पहाटे आणि संध्याकाळी गव्यांचा वावर असतो, त्यांना वाट द्या. भर पावसात केळघर आणि आंबेनळी या दोन्ही घाटांत दरडी येतात, म्हणून निघण्यापूर्वी रस्ता चालू आहे का ते विचारून घ्या.

‘नाही सापडलं’ म्हणजे काय

यादीतली निम्मी झाडं सापडली तरी फेरी चांगली झाली म्हणायची. उरलेल्या निम्म्यांवर ‘नाहीशी झाली’ असा शिक्का मारायची घाई नको. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, मधल्या वर्षांत नुसत्या हिरव्या टोपल्या दिसतात आणि नवख्याच्या नजरेत त्या भरत नाहीत. चवर ऑक्टोबर सरता सरता कोमेजते आणि कंद जमिनीत झोपी जातो. म्हणून ‘नाही’च्या रकान्यात कारण लिहा: महिना चुकला, जागा कळली नाही, जागा बुडाली किंवा नांगराखाली गेली, जागा बरोबर असून दिसली नाही. फक्त शेवटच्या गटातल्या वनस्पतींसाठी पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात पुन्हा जा. लागोपाठ तीन वर्षं दिसली नाही तर हर्बेरियमला कळवा.

उलट बाजूही नोंदा. घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून आलेली झुडपं आज घाटाच्या कडेनं सगळीकडे आहेत. कोणत्या थांब्यापासून कोणत्या थांब्यापर्यंत आहेत ते लिहा. पुढे चालणाऱ्याला तेही लागणार आहे.

नोंदी जाहीर करताना शिंदळ माकुडी किंवा सेरोपेजियाची नेमकी जागा कधीही देऊ नका. कंद आणि रोपं उपटून विकणारे लोक याच नोंदी वाचतात. तालुक्याचं नाव पुरे. फोटोतला जीपीएस अपलोड करण्याआधी काढून टाका, आणि पार्श्वभूमीला ओळखू येणारा कडा किंवा बुरूज असेल तर तो फोटो वहीतच ठेवा.